सल्ला देता देता मोडल: कुठं शुड, कुठं हॅड बेटर, कुठं मस्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात महाद्वार रोडवर चपलांचं दुकान आहे, बाहेरगावची गिऱ्हाइकं इंग्रजीत विचारतात, मोडल ऑक्झिलरींचा, म्हणजे शुड, मस्ट, कॅन अशा साहाय्यक क्रियापदांचा, शाळेतला तक्ता पाठ आहे, पण बोलायला लागलं की सगळीकडं मस्टच येतं आणि समोरच्याला ते खटकतं. सल्ला देत मोडल शिकावेत असं कुणीतरी सुचवलंय, ते नेमकं करायचं कसं?

सुचवणाऱ्यानं बरोबर सांगितलंय. तक्त्यात एकेका शब्दाला एकेक अर्थ चिकटवलेला असतो: शुड म्हणजे कर्तव्य, मस्ट म्हणजे सक्ती, मे म्हणजे परवानगी. बोलताना निवड होते ती वेगळ्याच दोन गोष्टींवर. एक, ऐकलं नाही तर काय होईल? दोन, सांगणाऱ्याचा ऐकणाऱ्यावर अधिकार किती? सल्ला देताना या दोन्ही गोष्टी आपोआप डोळ्यांसमोर असतात, म्हणून मोडल तिथं पटकन बसतात.

मस्ट सारखं तोंडात येतं त्याचं मूळ 'पाहिजे'मध्ये आहे. चहा पाहिजे, गेलं पाहिजे, तेल लावलं पाहिजे, सगळीकडं तोच शब्द. मनात 'पाहिजे' आलं की इंग्रजीत वॉन्ट, शुड किंवा मस्ट यांपैकी जे आधी सुचेल ते बाहेर पडतं. म्हणून सराव करताना मनातलं वाक्य 'पाहिजे'शिवाय तयार करा. मराठीत त्यासाठी रूपं भरपूर आहेत. 'चप्पल सावलीत वाळवावी' याला शुड. 'आजच तेल लावलेलं बरं' याला हॅड बेटर. 'देवळाबाहेर चपला काढाव्या लागतात' याला हॅव टू. 'ही पण घालून बघा की' याला कुड: 'यू कुड ट्राय धिस पेअर टू.' मराठी वाक्य नेमकं झालं की मोडल शोधावं लागत नाही.

आता जोर कसा वाढतो ते बघा. कोल्हापुरात यासाठी पंचगंगेच्या पाण्याइतकं चांगलं उदाहरण नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी अजून बरंच खाली आहे आणि नदीकाठचा शेजारी विचारतोय, तर 'यू कुड कीप युअर पेपर्स अपस्टेअर्स', म्हणजे एक पर्याय सुचवला, घ्या नाहीतर सोडा. पाणी ३९ च्या जवळ आलं की 'यू शुड मूव्ह द बाइक टू हायर ग्राउंड', तुमच्या भल्याचं आहे, निर्णय तुमचा. ३९ ओलांडून चढतंच आहे, तर 'यू हॅड बेटर मूव्ह इट टुनाइट', नाहीतर सकाळी गाडी पाण्यात. ४३ ला घरातला कर्ता माणूस म्हणेल 'वी मस्ट लीव्ह नाऊ'. आणि प्रशासनानं गल्ली रिकामी करायला सांगितली असेल, तर ती बातमी दुसऱ्याला देताना 'एव्हरीवन हॅज टू लीव्ह'. मस्टमध्ये बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो, हॅव टूमध्ये नियम बाहेरून आलेला असतो. रोजच्या बोलण्यात ही रेष पुसट होते, पण शिकताना पाळा, कारण दुकानात तिचा थेट उपयोग आहे. देवळाचा नियम सांगताना 'यू हॅव टू टेक ऑफ युअर शूज देअर' म्हटलं की हुकूम तुमचा वाटत नाही, तुम्ही फक्त माहिती देता.

हॅड बेटरला जपा. त्याच्या पोटात 'नाहीतर' दडलेलं असतं. मित्राला, लहान भावाला ठीक. अनोळखी किंवा वयानं मोठ्या माणसाला म्हटलं तर दम दिल्यासारखं लागतं. रचनेतही लोक इथं फसतात. हॅड दिसतं म्हणून भूतकाळ समजतात, पण अर्थ आत्ताचा किंवा पुढचाच असतो. त्यापुढं टू येत नाही, आणि नकार 'हॅड बेटर नॉट' असा होतो, नॉट बेटरच्या नंतर. बोलताना हॅडचा नुसता 'ड' उरतो, 'यूड बेटर', तोही कधी ऐकू येत नाही.

आदराचं कोडं वेगळं सोडवावं लागतं. मराठीत 'घे', 'घ्या', 'घ्यावं' असं क्रियापदच बदलून मान देता येतो. इंग्रजीत यू सगळ्यांना एकच आणि टेक सगळ्यांना एकच, त्यामुळं मानाचा बराचसा भार मोडलवर येतो. तुमचं मस्ट खटकतं ते यामुळंच. 'घ्या' म्हणायचं असतं, पण समोरच्याला 'घेतलंच पाहिजे' ऐकू जातं. गिऱ्हाइकासाठी 'यू माइट वॉन्ट टू ट्राय अ स्मॉलर साइज' हे सगळ्यात मऊ. नकार द्यायचा तर 'यू शुडन्ट वेअर देम इन द रेन' यापेक्षा 'आय डोन्ट थिंक यू शुड वेअर देम इन द रेन' जास्त सौम्य.

मस्ट मात्र एका ठिकाणी मोकळेपणानं वापरा: प्रेमाच्या आग्रहाला. 'यू मस्ट ट्राय द तांबडा रस्सा' ऐकून कुणी दुखावत नाही, कारण त्यात फायदा ऐकणाऱ्याचा आहे. 'यू मस्ट बाय टू पेअर्स' खटकतं, कारण फायदा सांगणाऱ्याचा. रचना तीच, शब्द तोच. मला वाटतं मोडलबद्दलची ही सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे आणि नेमकी तीच तक्त्यात नसते.

सगळ्यात महागात पडणारी चूक नकारात होते. मस्ट आणि हॅव टू होकारात जवळजवळ सारखे, नकारात एकदम उलटे. 'यू मस्टन्ट' म्हणजे मनाई, 'यू डोन्ट हॅव टू' म्हणजे गरज नाही. अंबाबाईच्या दर्शनाला निघालेल्या पाहुण्यानं नारळ घ्यायचा का विचारलं आणि तुम्ही 'यू मस्टन्ट बाय अ कोकोनट' म्हणालात, तर नारळ नेणं निषिद्ध आहे असा त्याचा समज होईल. तिथं 'यू डोन्ट हॅव टू, बट यू कॅन' हवं. गोंधळ होतो कारण आपल्या 'घ्यायला नको'मध्ये 'गरज नाही' आणि 'घेऊ नये' दोन्ही मावतात. इंग्रजीत बोलण्याआधी यांतलं कुठलं ते ठरवा.

रचनेच्या बाबी पटकन. मोडलपुढं क्रियापद मूळ रूपात, टू नाही, एस नाही: 'ही शुड गो'. 'ही शुड टू गो' आणि 'ही शुड गोज' दोन्ही चूक. प्रश्नात डू लागत नाही: 'शुड आय ऑइल देम?' दोन मोडल शेजारी बसत नाहीत, म्हणून 'विल कॅन' नाही, 'विल बी एबल टू'. हॅव टू वेगळ्या घरचं आहे, त्याला हॅज, हॅड, डू सगळं लागतं: 'डू आय हॅव टू...?' ऑट टूचा अर्थ शुडच्या जवळचा, पण टू हवाच. बोलण्यात तो कमी ऐकू येतो, ओळखता आला तरी पुरे. शॅलची काळजी सध्या सोडा.

सरावासाठी तक्ता मिटवा आणि तुमच्याच दुकानातली एक अडचण घ्या. समजा, नवी कोल्हापुरी पावसात भिजली. कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. भिजल्यावर ते उन्हात टाकलं तर कडक होऊन तडकतं, म्हणून सावलीतच वाळवायचं. यावर पाच वाक्यं करा, प्रत्येकाला कारण जोडून. 'यू शुड ड्राय देम इन द शेड, बिकॉज द सन क्रॅक्स द लेदर.' 'यू कुड स्टफ देम विथ न्यूजपेपर.' 'यू शुडन्ट वेअर देम अनटिल दे आर ड्राय.' 'यू कॅन रब इन अ लिटल ऑइल आफ्टर दॅट.' 'यू डोन्ट हॅव टू पॉलिश देम.' मग प्रत्येकाच्या शेवटी 'ऑर एल्स' लावून बघा. त्यापुढं खरंच नुकसान सांगता येत असेल तर हॅड बेटर चालेल. येत नसेल तर शुड किंवा कुडवर थांबा. घरात कुणी शिकणारं असेल तर एकानं अडचण सांगायची आणि 'व्हॉट शुड आय डू?' विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, मग अदलाबदल. रोज पंधरा मिनिटं, अडचण एकच, माणूस मात्र बदलायचा: आधी भाऊ, मग गिऱ्हाईक, मग आजोबांच्या वयाचा पाहुणा. माणूस बदलला की मोडल बदलतो, खरा सराव तोच.

झालेल्या गोष्टीला 'शुड हॅव' आणि पुढं तिसरं रूप: 'यू शुड हॅव ड्राइड देम इन द शेड.' 'शुड ड्राइड' किंवा 'शुड हॅव ड्राय' नाही. ऐकताना ते 'शुडव' असं येतं, म्हणून लिहिताना हॅवच्या जागी चुकून ऑफ लिहिलं जातं. पण हा सल्ला नव्हे, बोल लावणं आहे. चप्पल खराब करून परत आलेल्या गिऱ्हाइकाला तो ऐकवू नका, 'नेक्स्ट टाइम, यू कुड...' म्हणा.

उच्चारात शुड, कुड, वुड यांतला एल मुका असतो आणि मस्टन्टमधला पहिला टी गळून 'मसन्ट' होतो. कॅन आणि कान्टकडं जास्त लक्ष द्या. होकारातलं कॅन हलकं, जवळजवळ 'कन', आणि जोर पुढच्या क्रियापदावर: 'यू कन वाइप देम'. कॅनवरच जोर दिला तर अमेरिकन कानाला ते कान्ट वाटू शकतं, कारण त्यांच्याकडं कान्टचा उच्चार 'कॅन्ट' होतो आणि शेवटचा टी नीट ऐकू येत नाही. म्हणून चपला भिजवू नका अशी ताकीद देताना कान्टवर विसंबू नका. सरळ 'प्लीज डोन्ट गेट देम वेट' म्हणा आणि लगेच कारण सांगा.