त्यांना न कळत गोळी द्यावी का?

माझ्याकडे येणाऱ्या बायकांपैकी अनेकजणी पहिल्याच भेटीत, दार लोटलेले आहे ना याची खात्री करून, एकच प्रश्न विचारतात: दारू सोडवण्याचे औषध नवऱ्याला न कळत जेवणातून देता येईल का? सिंधुदुर्गातील बंदराकाठच्या गावांत मी समुपदेशक म्हणून काम करते. या प्रश्नाचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. परंतु नुसते ‘नाही’ ऐकून कोणी थांबत नाही, हे मला एका तांडेलाच्या, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाच्या, पत्नीमुळे समजले. तिच्या आणि तिच्या पतीच्या संमतीने ही हकिकत लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही व काही तपशील बदलले आहेत.

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपून होड्या नुकत्याच पाण्यात गेल्या होत्या, तेव्हा ती आली. पिशवीतून तिने डायसल्फिराम या दारू सोडवण्याच्या औषधाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढली. मुंबईतील एका नातलगाला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्यांपैकी या उरलेल्या होत्या. पाच दिवस ती रोज एक गोळी कुटून सोलकढीत मिसळत होती. पाचव्या दिवशी मासळी उतरवून झाल्यावर नवऱ्याने जेट्टीवरच बाटली उघडली. पाव तासाच्या आत त्याचा चेहरा लालबुंद झाला, छाती धडधडू लागली, उलट्या सुरू झाल्या आणि तो जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर कोसळला. खलाशांनी त्याला रुग्णालयात नेले. हृदयविकाराचा झटका असावा या शंकेने दोन दिवस तपासण्या झाल्या, आणि त्या दोन्ही रात्री त्याच्या उशाशी बसलेल्या पत्नीने भीतीपोटी गोळीबद्दल अवाक्षरही काढले नाही.

“डोस जास्त झालो काय, मॅडम? हलक्यातलो काय असलो तर सांगा,” ती म्हणाली. “तेंका मात्र कळता नये.”

तिचा राग यावा असे मला क्षणभरही वाटले नाही. वीस वर्षे तिने देवळात गाऱ्हाणी घातली होती, मुलांच्या शपथा घालून पाहिल्या होत्या, भांडून माहेरी जाऊन पाहिले होते. औषध हा तिच्या दृष्टीने शेवटचा आणि सर्वांत शहाणपणाचा उपाय होता. म्हणून मी तिला आधी ती गोळी शरीरात काय करते ते समजावून सांगितले.

पोटात गेलेल्या मद्याचे यकृतात प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी द्रव्यात रूपांतर होते, आणि मग दुसरे एक विकर (एन्झाइम) त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट बनवते. डायसल्फिराम नेमके हे दुसरे विकर बंद पाडते. त्यामुळे दारू घेताच ते विष रक्तात साचते, रक्तवाहिन्या फुलतात, रक्तदाब उतरतो, हृदयाची लय बिघडू शकते आणि हृदय कमजोर असेल तर मृत्यूही ओढवू शकतो. डेन्मार्कमधील हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक या द्रव्याचा जंतांवरील औषध म्हणून अभ्यास करत होते. स्वतःवर गोळ्या घेऊन पाहत असताना मद्य घेतल्यावर त्यांना स्वतःलाच हा त्रास झाला, आणि १९४८ मध्ये त्यांनी ते द्रव्य मद्यासक्तीवरील उपचार म्हणून मांडले. जाता जाता हेही सांगायला हवे, की ॲसिटाल्डिहाइड गोळी न घेणाऱ्याच्या शरीरातही प्रत्येक पेल्यागणिक तयार होत असते. तोंड, घसा, अन्ननलिका यांच्या कर्करोगांशी दारूचा जो संबंध आहे, त्यामागील हे एक मोठे कारण मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला १९८८ मध्येच निश्चित कर्करोगकारकांच्या गटात टाकले आहे.

ती ऐकत होती, पण तिच्या मनातले गणित वेगळे होते: त्रास झाला तर झाला, निदान दारू तरी सुटेल. म्हणून तिला मी एक जुने संशोधन सांगितले. अमेरिकेत ६०५ पुरुषांवर झालेला एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाला डायसल्फिरामची पूर्ण मात्रा मिळाली, दुसऱ्या गटाला तीच गोळी पण नाममात्र १ मिलिग्रॅमची, आणि तिसऱ्या गटाला डायसल्फिराम मिळालेच नाही. दारू पूर्ण बंद ठेवणाऱ्यांचे प्रमाण तिन्ही गटांत लक्षणीयरीत्या वेगळे आढळले नाही. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर असे दिसले, की घेणाऱ्याला आपण काय घेतो आहोत हे ठाऊक असते तेव्हा ही गोळी उपयोगी पडते आणि ठाऊक नसते तेव्हा तिचा फायदा दिसत नाही. याचा अर्थ असा, की या औषधाचे सामर्थ्य बरेचसे ‘आज मी गोळी घेतली आहे, आज प्यायलो तर मरणाच्या दारात जाईन’ या जाणिवेत आहे. जाणीव काढून घेतली तर उरतो तो केवळ धोका. तिच्या नवऱ्याला आपल्या छातीत काय झाले याचा पत्ता नव्हता. त्याने जेट्टीवरच्या बाटलीत भेसळ होती असे ठरवले आणि दुकान बदलले.

डायसल्फिरामचा परिणाम शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तिने शेवटची गोळी देऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. त्यामुळे तिला विचार करायला वेळ देणे मला शक्य नव्हते. त्या दुपारीच तिच्यासमोर मी डॉक्टरांना फोन लावला आणि तिने स्वतः सर्व सांगितले. संध्याकाळी तिने, थोरल्या दिराला सोबत घेऊन, नवऱ्यालाही सांगितले. तो मारहाण करणारा नव्हता, म्हणूनच मी हे सुचवू शकले. जिथे मारहाणीची भीती आहे तिथे बाईची सुरक्षितता आधी, आणि त्यासाठी १८१ हा महिला मदत क्रमांक जवळ असावा. ऐकून नवरा ओरडला नाही. चार दिवस तो घरी जेवला नाही, बंदरावर वडापाव खाऊन राहिला. नंतर जेवू लागला, पण सोलकढीची वाटी मात्र हाताने बाजूला सरकवू लागला.

बोलण्याच्या ओघात दुसरी एक गोष्ट पुढे आली, आणि माझ्या मते ती पहिलीहून गंभीर होती. जून महिन्यात, बंदीमुळे तो घरीच असताना, तिने भावाच्या मदतीने त्याला दोन दिवस खोलीत कोंडून ठेवले होते. पहिल्या दिवशी हात थरथरले, घाम फुटला. दुसऱ्या रात्री त्याला आकडी आली. घरच्यांना ती बाहेरची बाधा वाटली. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान भ्रम होऊन, नसलेली माणसे दिसून, ताप चढून जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य औषधे आणि थायामिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, देऊन हा काळ सुखरूप पार पाडता येतो. कोंडून दारू सोडवण्याचा विचार ज्यांच्या मनात असेल त्यांनी कृपा करून तो आजच सोडून द्यावा.

मग तो उपचाराला येतच नसेल तर घरच्यांनी काय करायचे? अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पिणाऱ्यांच्या १३० कुटुंबीयांना तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मदत करण्यात आली. सगळ्यांनी मिळून पिणाऱ्याला एकदाच घेरून जाब विचारायचा, या पद्धतीने ३० टक्के जण उपचाराला आले. कुटुंबीयांच्या आधारगटाच्या वाटेने १३ टक्के. आणि कुटुंबीयांना बोलण्या-वागण्याचे शिक्षण दिले तेव्हा ६४ टक्के. हे शिक्षण म्हणजे काही अवघड विद्या नव्हे. प्यायलेला असताना वाद घालायचा नाही. न प्यालेल्या दिवशी त्याला घर हवेसे वाटेल असे वागायचे. त्याच्या वतीने मालकाला खोटे निरोप पाठवायचे नाहीत. आणि त्याला स्वतःलाच पस्तावा होत असेल अशा वेळी, ‘तुम्ही असे आहात’ म्हणण्याऐवजी ‘मला भीती वाटते’ असे म्हणून डॉक्टरांचे नाव काढायचे. वीस वर्षे नेमके उलट करण्याची सवय झालेल्या बाईला हे शिकायला सात आठवडे लागले. नवरात्रात एका पहाटे, होडीवर जाण्याआधी, तो स्वतःच म्हणाला की हात थरथरतो म्हणून जाळे नीट ओढता येत नाही. तिने त्या वेळी टोमणा मारला नाही. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून आली.

दारूविषयीच्या १० प्रश्नांच्या चाचणीत, ४० पैकी, त्याला २७ गुण पडले. २० किंवा अधिक गुण म्हणजे व्यसनाधीनतेची दाट शक्यता. आपल्या शेजारच्या गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, विशेष प्रशिक्षण दिलेल्या साध्या स्थानिक समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार भेटींत पिणाऱ्या पुरुषांशी केलेल्या संवादाचा अभ्यास झाला. तीन महिन्यांनी आधीचे १४ दिवस दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण अशा समुपदेशनानंतर ४२ टक्के, तर त्याशिवाय १८ टक्के आढळले. हा अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. मात्र तो १२ ते १९ गुण पडलेल्यांचा होता, आणि या तांडेलाला केवळ माझ्या बोलण्यावर अवलंबून ठेवणे चुकीचे ठरले असते. त्याला आठ दिवस रुग्णालयात ठेवले गेले. यकृतावर चरबी होती, तपासण्यांतील आकडे वाढलेले होते, परंतु यकृत कायमचे निबर झालेले नव्हते. नुसती चरबी दारू थांबल्यावर काही आठवड्यांत ओसरू शकते. यकृताची ही स्थिती पाहून डॉक्टरांनी सुरुवातीला, मूत्रपिंडावाटे बाहेर पडणारे, दारूची ओढ कमी करणारे अकॅम्प्रोसेट दिले.

शिमग्यात तो प्यायला. सलग तीन दिवस. चौथ्या दिवशी स्वतः आला, आणि त्याने मागितले ते ऐकून त्याची बायको रडू लागली: “माका तीच गोळी दिया. तिचीच माका भीती वाटता.” डॉक्टरांनी घाई केली नाही. दारू बंद ठेवून, यकृत आणि हृदय पुन्हा तपासून, लेखी संमती घेऊन, खोकल्याच्या औषधातील मद्यापासूनही सावध राहायला सांगून मगच डायसल्फिराम सुरू केले.

आता सकाळच्या चहाबरोबर ती गोळी उघड्या तळहातावर ठेवून त्याच्यासमोर धरते, तो पट्टीवरचे नाव वाचतो आणि तिच्यादेखत गिळतो. या पावसाळ्यात बंदीचे दोन महिने तो घरी होता आणि जाळी विणत होता. सोलकढी तो अजून घेत नाही. तिनेही आग्रह केलेला नाही.