४५ हजारांचा क्लास आणि शेजारचं स्टूल

पत्र थोडक्यात असं : ताई, मी कुपवाड एमआयडीसीत १४ वर्षं सीएनसी लेथवर, म्हणजे प्रोग्रॅमवर धातू कातणाऱ्या मशीनवर, ऑपरेटर आहे. वय ४१. बेसिक-डीए मिळून १६ हजार. दिवाळीपासून ऑर्डरी आटल्यात, ओव्हरटाइम बंद झालाय, आता आठवड्यात तीनच दिवस काम. मालक म्हणतात, माणसं कमी करावी लागतील. राजीनामा देऊन पुण्याला जावं का? तिथं ४५ हजारांचा सीएनसी प्रोग्रॅमिंगचा क्लास आहे, बायको दागिने मोडायला तयार आहे. आमच्यातला एक पोरगा तेच शिकवतो म्हणाला होता, पण त्याला मशीनवर मीच उभं केलेलं, म्हणून ते राहिलं. – एक वाचक, सांगली

दादा,

मंदी, मालक, पुणे, दागिने, सगळ्यावर तुम्ही भरभरून लिहिलंत. आणि ज्या ओळीत तुमचं उत्तर होतं, ती ‘राहिलं’ म्हणून सोडून दिलीत. राहिलं नाही. तुम्ही नको म्हणालात. बायकोचं सोनं मोडायची तयारी आहे, पण त्या पोराशेजारी स्टूल ओढून बसायची नाही. वाचून राग आला, खोटं कशाला सांगू.

ऑर्डरी असतात तेव्हा एकच जॉब महिनाभर चालतो. पीस चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत, लावा, सायकल स्टार्ट दाबा, काढून मायक्रोमीटर लावा. तेव्हा ऑपरेटर लागतातच. काम आटलं की वीस-पंचवीस नगांच्या तुटक ऑर्डरी येतात, आज हा जॉब, उद्या तो. दर वेळी चकचे जबडे बदला, टूल बदला, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घ्या, प्रोग्रॅम दुरुस्त करा. मग ज्याला हे सेटिंग येतं तो राहतो. पुण्यातही पहिल्या मुलाखतीत हेच विचारतील.

आणि तुम्ही कोरे आहात का? १४ वर्षं प्रोग्रॅमची ती अक्षरं तुमच्या डोळ्यांसमोरून पळतायत. जी०० ला टूल हवेत धावतं, जी०१ ला धातूत शिरतं, जी०२-जी०३ ला गोलाईत वळतं. इन्सर्टची, म्हणजे टूलच्या टोकाच्या पात्याची, धार गेली की तुम्हाला आवाजावरून कळतं. त्या पोराला अजून कळत नसेल. तुम्हाला फक्त ते अक्षर आणि तो आवाज जोडायचाय.

माझा थोरला भाऊ, अण्णा, एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा. उलटी अक्षरं सुलट असल्यासारखी वाचायचा. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची अक्षरजुळणी, आलं तेव्हा मालकानं कॉम्प्युटरवर एक नवखा मुलगा बसवला. तो ऱ्हस्व-दीर्घ अण्णालाच विचारायचा, वर ‘अण्णा, या, दाखवतो’ म्हणायचा. अण्णा गेला नाही. वर्षभरात त्याला बाइंडिंगला बसवलं, पुढं तेही सुटलं. जेवताना त्याची बोटं ताटाच्या कडेवर खिळे उचलल्यासारखी हलायची. ते मी रोज समोर बसून पाहिलंय, म्हणून तुमच्याशी इतकं कडक बोलतेय.

राजीनामा मात्र लिहून देऊ नका. ग्रॅच्युइटी कशीही मिळेल, तुमच्या पगारावर आणि १४ वर्षांवर सुमारे १ लाख २९ हजार. पण मालकानं कपात केली तर पूर्ण झालेल्या दर वर्षामागं १५ दिवसांच्या पगाराइतकी भरपाई वेगळी द्यावी लागते. स्वतःहून निघालात की ती बुडाली.

काम भरात असताना कुठला मालक शिकायला मशीन मोकळं देतो? आता ते नुसतं उभं आहे. पुढच्या पाळीला एक वही घेऊन जा. जेवणाच्या सुट्टीत त्या पोराला म्हणा, ‘बाळा, हा प्रोग्रॅम मला ओळीओळीनं सांग.’ सिंगल ब्लॉकवर टाकायला लावा, एकेक ओळ पळू दे, कळलं नाही की तिथंच थांबवा. इतर पोरं बघतील, पहिल्या दिवशी कान तापतील. तापू देत.

सोनं कपाटात राहू दे. तुमच्या स्वतःच्या सेटिंगवर पहिला पीस मापात निघाला की मला लगेच कळवा. मी वाट बघतेय.

– तुमची ताई