कार्ड बदलू, की अख्खा पीसीच बदलू?

प्रश्न : ताई, मी अकोल्याचा, वय २३. कॉलेजात असताना घेतलेला पीसी अजून वापरतोय. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० बोर्ड, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स १०६० (६ जीबी) ग्राफिक्स कार्ड, विंडोजपुरती छोटी एसएसडी आणि गेमसाठी १ टीबीची हार्ड डिस्क. मॉनिटर साधा, १०८०पी, ६० हर्ट्झ. पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर आलेला, त्यावर ४५० वॅट लिहिलंय. सायबरपंक २०७७ मध्ये गाडी जोरात पळवली की चित्र दोन-दोन सेकंद थिजतं. इंडियाना जोन्स तर सुरूच होत नाही. मित्र बॅटलफील्ड ६ खेळतात आणि रोज बोलावतात. पहिल्या नोकरीतून ४० हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो, हे भंगारात काढ, नवीन घे. काय करू?

उत्तर : भंगारात काहीही काढायचं नाही. तू तीन गेम लिहिलेस आणि तिघांची दुखणी वेगळी आहेत. तिघांवर एकच औषध सांगणाऱ्याने तुझा पीसी उघडून पाहिलेला नाही.

सायबरपंकपासून सुरू करते. या गेमच्या किमान गरजांच्या यादीत तुझं १०६०, ६ जीबीवालं, आजही आहे. म्हणजे कार्ड काठावर का होईना, पास आहे. पण त्याच यादीत १२ जीबी रॅम आणि एसएसडीही आहे. तुझ्याकडे रॅम ८ जीबी आणि गेम हार्ड डिस्कवर. गाडी वेगात असते तेव्हा पुढचे रस्ते, इमारती, माणसं सतत डिस्कवरून आणावी लागतात. रॅम आधीच भरलेली असली की विंडोजही त्याच वेळी डिस्कवर उपसा करत बसतं. कार्ड कमी पडतं तेव्हा सगळा खेळ संथ चालतो. दोन सेकंद थिजून पुन्हा सुरळीत पळायला लागलं, तर दोष बहुतेक वेळा रॅमचा नाहीतर डिस्कचा असतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, स्वतः मोजून बघ. एमएसआय आफ्टरबर्नर हा प्रोग्राम फुकट मिळतो. खेळताना स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयूचा, म्हणजे कार्डावरच्या चिपचा, वापर दिसेल असं लाव. आकडा सतत ९७-९९ टक्के असेल तर कार्ड पूर्ण ताकदीने राबतंय आणि तेच अडतंय. थिजण्याच्या क्षणी आकडा एकदम खाली कोसळत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसत असेल, तर कार्डाचा काही दोष नाही. दुसरी चाचणी याहून सोपी. रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आण. एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) चांगले वाढले तर कार्ड अडत होतं, जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर. ही पंधरा मिनिटं दिल्याशिवाय खिशातून एक रुपया काढू नकोस.

पहिला खर्च म्हणून रॅमची दुसरी ८ जीबी पट्टी घे. आत्ता एकच पट्टी असल्याने तुझी मेमरी एकाच चॅनलवर चालतेय, आणि रायझनला ते फार जाचतं. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरच्या बाजूने दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसव, मग बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू कर. ते न केल्यामुळे ३२०० ची रॅम वर्षानुवर्षं २४०० वर चालणारे कितीतरी पीसी मी पाहिलेत. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण मेमरी चिप एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्या. म्हणून डीडीआर४ची वापरलेली पट्टी घ्यायला मी हरकत घेणार नाही. घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट लावून ठेव, सकाळी एकही एरर नसली तर ती बिनधास्त वापर. गेमसाठी एक एसएसडी मात्र नवीच घे.

आता इंडियाना जोन्स. इथे सेटिंग कितीही खाली आणलंस तरी उपयोग नाही. या गेमला रे ट्रेसिंगचं (प्रकाश कसा पडेल याचं गणित करून चित्र काढण्याचं) हार्डवेअर लागतंच आणि १०६० मध्ये ते मुळातच नाही. २०२५ मध्ये आलेल्या डूम : द डार्क एजेसचंही तेच. दोन्हींची किमान पायरी आरटीएक्स २०६० सुपर, ८ जीबी. शिवाय एनव्हिडियाने जीटीएक्स १००० मालिकेसाठी (तुझं १०६० त्यातलंच) नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून थांबवलेत. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट येतील. तेव्हा असे गेम खरोखर खेळायचे असतील, तर कार्ड बदलण्याची वेळ आली आहे, हे मी तुला स्पष्टच सांगते. २०१६ सालच्या कार्डाने चोख काम केलंय.

कोणतं घ्यावं, इथे तुझ्या बोर्डाकडे बघावं लागतं. बी४५० आणि २६०० ही जोडी पीसीआयई ३.० वर, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या जुन्या, कमी वेगाच्या जोडणीवर चालते. आरटीएक्स ५०६० सारखं कार्ड त्या जोडणीच्या सोळापैकी आठच लेन (डेटाचे मार्ग) वापरतं आणि त्यात मेमरी ८ जीबी. ती मेमरी भरली की उरलेला डेटा त्या आठ जुन्या लेनमधून ये-जा करतो, आणि खेळ अडखळतो. नव्या बोर्डावर हे कमी जाणवतं, तुझ्यावर जास्त. त्यामुळे तुला सोळा लेनचं, ८ जीबीहून जास्त मेमरीचं कार्ड हवं. नव्यात आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीवालं. पैसे कमी पडले तर वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीवालं. इंटेलचं बी५८० स्वस्त दिसेल, पण त्याला रीसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या प्रोसेसरबरोबर ते मागे पडतं. ते घेऊ नकोस. वापरलेलं कार्ड घेताना मूळ बिल माग आणि अर्धा तास गेम चालवून दाखवायला सांग. विकणारा तयार नसेल तर उठून ये.

कार्डाआधी पॉवर सप्लाय, यात मी जराही तडजोड करणार नाही. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या डब्यावरचा ४५० हा आकडा अनेकदा कागदावरच असतो. चांगल्या कंपनीचा ५५० किंवा ६५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (कमी वीज वाया घालवण्याचा दर्जा) घे. तुझ्या १०६० ला बहुधा सहा पिनची वायर लागली असेल. नव्या कार्डाला आठ पिनची लागते. जुन्या सप्लायच्या मोलेक्स (चार पिनच्या जुन्या पद्धतीच्या) वायरींना ॲडॉप्टर जोडून ती गरज भागवणारे लोक आहेत. वितळून काळे पडलेले ते कनेक्टर मी हातात घेतलेत, म्हणून कळकळीने सांगते, तसं करू नकोस. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल तर तो साधारण ३६० वॅटच पेलतो. नवं कार्ड, प्रोसेसर आणि मॉनिटर मिळून भार त्याच्या बराच जवळ जाईल आणि लाइट गेली की पीसी धाडकन बंद पडू शकेल. त्याचाही हिशोब धर.

बॅटलफील्ड ६ च्या किमान यादीत तुझा रायझन ५ २६०० आहे, कार्ड मात्र आरटीएक्स २०६० पासून. म्हणजे नवं कार्ड आलं की मित्रांबरोबर खेळता येईल. फक्त हा गेम सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू नसेल तर उघडत नाही. तुझं विंडोज जुन्या पद्धतीने एमबीआर (जुन्या मांडणीच्या) डिस्कवर टाकलेलं असेल, तर आधी ती जीपीटी (नव्या मांडणीची) करावी लागते. विंडोजमधल्या एमबीआर२जीपीटीने डेटा न पुसता ते होतं, तरी फोटो आणि कागदपत्रांची कॉपी बाहेर काढून ठेव. मगच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद कर आणि सिक्युअर बूट चालू कर. क्रम उलटा झाला तर विंडोज सुरूच होणार नाही.

मोठ्या नकाशांवर गर्दी झाली की २६०० धापा टाकेल. त्यासाठी पुढच्या बोनसला रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स बघ. याच बोर्डात बसतो, रॅमही हीच चालते. जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस अपडेट कर, आणि ते यूपीएसवर असतानाच. मध्येच लाइट गेली तर बोर्ड हातचा जाईल. नव्या एएम५ वर (रायझनच्या नव्या सॉकेटवर) गेलास तर बोर्डही नवा आणि डीडीआर५ रॅमही नवी, आणि आजच्या भावात ते तुझ्या आवाक्याबाहेर आहे.

तर आधी रॅम आणि एसएसडी, मग महिनाभर खेळून बघ. सायबरपंक सुरळीत झाला आणि तेवढ्यावर मन भरलं, तर उरलेले पैसे बँकेतच राहू दे. नाहीतर पॉवर सप्लाय आणि कार्ड एकत्र घे. आणि काहीही घेण्याआधी कॅबिनेट उघडून धूळ साफ कर, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदल. अकोल्याचा मे महिना तुला मी सांगायला नको. तापलेला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. जीटीए ६ येणार म्हणून आत्ताच महागडा पीसी हवा असा त्याचा हट्ट आहे. नंतर भाव वाढतील म्हणतो. घ्यावा का? — एक आई, सांगली

उत्तर : त्या गेमसाठी नको. जीटीए ६ साठी १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर झाली आहे ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांच्यासाठी. पीसीची तारीख कंपनीने दिलेली नाही, पीसीला काय लागेल हेही सांगितलेलं नाही. मागचा अनुभव बघा. जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला, पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. रेड डेड रिडेम्प्शन २ ऑक्टोबर २०१८ मध्ये आला, पीसीवर नोव्हेंबर २०१९ मध्ये. ज्या गेमच्या गरजाच कुणाला माहीत नाहीत, त्याच्यासाठी कार्ड निवडणार कसं? भाव वाढतील हे त्याचं म्हणणं रॅमपुरतं खोटं नाही, पण त्यासाठी दोन वर्षं आधी कार्ड घेऊन ठेवणं शहाणपणाचं नाही.

बारावीनंतर इंजिनिअरिंग किंवा डिझाइनसाठी पीसी लागणारच असेल, तर प्रवेश झाल्यावर कोर्सला काय लागतं ते विचारून घ्या. तेव्हा बोर्ड, पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट चांगलं घ्या, ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या आणि कार्डाची जागा रिकामी ठेवा. गेम पीसीवर आला की कार्ड तेवढं बसवायचं. त्याला ही योजना स्वतः कागदावर मांडायला सांगा, भागांची नावं त्याला तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षाही जास्त माहीत असतील.