पाईप मागच्यांची, चेंबर आमच्या बोळात. साफ कुणी करायचा?

प्रश्न: वकीलसाहेब नमस्कार, आम्ही राजारामपुरीत राहतो. आजोबांनी लई वर्षांमागं मागचा अर्धा प्लॉट विकला, तेव्हा आमच्या बोळातनं ड्रेनेजची पाईप न्यायचा हक्क खरेदीखतातच लिहून दिलाय. आमची लाईन वेगळी आहे. पण त्यांचा चेंबर आमच्या बोळात, पावसाळा आला की तुंबतोय आणि सगळी घाण अंगणात, परवा तर तुळशीकट्ट्यापर्यंत आली. मागचे काका म्हणतात जागा तुमची मग साफसफाई पण तुमची. बोळात आम्ही फरशी घातलीय, ती फोडायची म्हटलं की आई नको म्हणते. शिवाय वरनं एमएसईबीची वायर गेलीय, शेवग्याच्या फांद्या तिला घासतात. हे सगळं आमच्याच खिशातनं करायचं का ओ?

उत्तर: चेंबरचं तरी न्हाई. जागा तुमची असली तरी पाईप वापरणारे ते, मग बघायची पण त्यांनीच. 1882 चा सुविधाधिकार कायदा म्हणजे आपण ज्याला ईझमेंट म्हणतो तो, दुसऱ्याच्या जागेतनं पाईप किंवा वाट न्यायच्या हक्काचा, त्याच्या कलम 25 मध्ये दुरुस्तीचा खर्च हक्क वापरणाऱ्यावर टाकलाय, आणि कलम 27 खाली तर उदाहरणच तुमच्या घरचं दिल्यासारखं आहे, एकाचं सांडपाणी दुसऱ्याच्या जागेतनं जातंय, तर त्या दुसऱ्यानं गटार उपसत बसायचं बंधन नाही. काकांना त्या पानाची झेरॉक्स नेऊन द्या, भांडण निम्मं तिथंच मिटतंय. चेंबर नीट न ठेवल्यामुळं तुमचं नुकसान झालं तर कलम 26 प्रमाणं भरपाई पण मागता येते, म्हणून अंगणाचे फोटो तारखेसकट ठेवा.

मात्र आधी खरेदीखत शेवटपर्यंत वाचा. देखभाल जागामालकानं करायची अशी ओळ आजोबांनी भोळेपणानं लिहून दिली असेल तर सगळंच फिरतंय. आणि मधल्या काळात तुमच्या घरातल्या कुणी बाथरूमचं पाणी गुपचूप त्याच चेंबरला जोडलं असेल तर खर्चात तुमचा पण वाटा, हे प्लंबरला एकदा विचारून घ्या.

आता आईंचं. काकांना आत येऊन खोदायचा हक्क आहे, कलम 24, बोळाला कुलूप घालून अडवता येणार नाही. पण तुम्हाला कमीत कमी त्रास होईल असं काम करायचं आणि झाल्यावर जागा होती तशी करून द्यायची, म्हणजे फोडलेली फरशी त्यांच्याच खर्चानं. फक्त तुम्ही झाकणावरच फरशी ठोकून चेंबर बुजवला असेल तर तिथं तुमची बाजू लंगडी, तेवढी स्वतःच काढून टाका. काका तरी ऐकत नसतील तर स्पीड पोस्टानं नोटीस, त्याच्या आधी कोर्टाचं नाव काढू नका, शेजार आहे शेवटी. आणि कुणीही साफ करू दे, चेंबरमध्ये माणूस उतरवू नका, सुरक्षेच्या साधनांशिवाय उतरवणं हातानं मैला सफाईबंदीच्या 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे, मशीनची गाडी बोलवा.

वायरचं सोपं आहे. मीटरपर्यंतची लाईन महावितरणची, तिची देखभाल त्यांची. शेवगा तुमचा, पण म्हणून बांबूला कोयता बांधून वर चढायचं नाही, 1912 ला फोन करा, लाईन बंद करूनच फांद्या काढू देत. अख्खं झाड पाडायचं असेल तर महापालिकेची परवानगी लागते. वरचा मजला चढवायचा विचार असेल तर साध्या एलटी म्हणजे कमी दाबाच्या लाईनपासनं बाजूला 1.2 मीटर आणि गच्चीच्या वर 2.5 मीटर अंतर सुटायला पाहिजे, तेवढं सुटत नसेल तर लाईन हलवायचा अर्ज तुम्ही करायचा आणि तो खर्च मात्र तुमच्याच खिशातनं.