ओपन सोर्स ईआरपी फुकट आहे, मग छोट्या कारखान्यात ते बसवताना एवढा त्रास का होतो?

तुमचा प्रश्न असा: चाळीस माणसांचं मशीन शॉप, हिशेब टॅलीत, स्टोअर एक्सेलमध्ये. मुलगा म्हणतो ईआरपी (खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घेऊ, त्यातलं ओपन सोर्स ईआरपीनेक्स्ट फुकट आहे, तेच टाकू. तर अडचणी काय येतील? मी शिरोली एमआयडीसीत कास्टिंगचं (ओतीव लोखंडी भागांचं) मशिनिंग करणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर आणि खरेदी बघतो. आम्ही यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

फुकट हे खरंच आहे. ईआरपीनेक्स्ट मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, जीपीएल परवान्याचं, म्हणजे कोड कुणालाही घेऊन वापरता, बदलता येतो. माणसामागे लायसन्सचे पैसे नाहीत. (ओडू हे असंच दुसरं ईआरपी घेणार असाल तर जपून. त्याच्या फुकट कम्युनिटी आवृत्तीत पूर्ण अकाउंटिंग मिळत नाही, त्यासाठी पैसे भरून एंटरप्राइझ घ्यावं लागतं.) सर्व्हर, बसवून देणारा माणूस, ई-इनव्हॉइससाठी (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) जोडणीची आगाऊ विकत घ्यायची क्रेडिट्स, हा खर्च मात्र येतोच. पण तो आधी विचारून कळतो, म्हणून त्याची मला भीती वाटत नाही.

आम्हाला रडवलं ते आयटम मास्टरने, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या मालाच्या मूळ यादीने. एकच नग, पण गिऱ्हाईक त्याला ड्रॉइंग नंबरने ओळखतं, फाउंड्री पॅटर्नच्या नावाने, आमची पोरं 'मोठा ब्रॅकेट' म्हणतात आणि टॅलीत नुसतं 'सीआय कास्टिंग'. एक्सेलमध्ये त्याच नगाची चार स्पेलिंगं सापडली. हे सगळं एका नावावर आणायला आम्हाला अडीच महिने लागले, आणि ते काम बाहेरचा कुणीही करू शकला नसता. रॅकपाशी उभं राहून 'हा आणि तो एकच' असं सांगणारा माणूस घरचाच लागतो.

त्यातच एककाचा घोळ. फाउंड्री बिल लावते किलोवर, आम्ही मोजतो नग, गिऱ्हाईकही नगावर घेतं. आम्ही सुरुवातीला घाईत स्टॉकचं एकक किलो ठेवलं. कास्टिंगचं वजन दर लॉटला थोडं इकडे-तिकडे होतं, त्यामुळे महिनाअखेर नग आणि किलो कधी जुळेनात. एकदा त्या आयटमवर व्यवहार झाले की हे एकक बदलता येत नाही. शेवटी साठेक आयटम नव्याने उघडले आणि शिल्लक तिकडे वळती केली. तुम्ही पहिल्याच दिवशी स्टॉक नगात ठेवा आणि किलोचा हिशेब फक्त खरेदीत राहू द्या.

दुसरी अडचण सवयीची. टॅलीत जुनं व्हाउचर उघडून आकडा बदलायची सवय असते. इथे कागद सबमिट केला की थेट खोडता येत नाही. रद्द करायचा आणि सुधारित प्रत काढायची. आमच्या अकाउंटच्या मॅडम पहिले दोन महिने यावर फार चिडल्या होत्या. पण मला ही शिस्त योग्यच वाटते. तुमची प्रायव्हेट लिमिटेड असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणं कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि ई-इनव्हॉइस तुम्हाला लागू असेल (उलाढाल ५ कोटींच्या वर गेली की लागू होतं), तर पोर्टलवर ते २४ तासांच्या आतच रद्द करता येतं. चुकलं तर त्याच दिवशी सांगायची सवय लावावीच लागते.

नोंदीची वेळ हाही प्रश्न आहे. संध्याकाळच्या टेम्पोने माल उतरायचा, रात्रपाळीत मशीनवर चढायचा, आणि नोंद दुसऱ्या दिवशी अकरा वाजता. सॉफ्टवेअर म्हणायचं, स्टॉक शून्य आहे, देता येणार नाही. तेव्हा कुणीतरी निगेटिव्ह स्टॉकची मुभा (नोंदीत शिल्लक नसतानाही माल देऊ देण्याची) सुरू करून दिली. तसं करू नका. तीन महिन्यांत सॉफ्टवेअरमधली मालाची किंमत इतकी बिघडली की पुन्हा सगळा माल मोजावा लागला. उपाय साधा निघाला: एक कॉम्प्युटर गेटवर नेला आणि आवक तिथेच, टेम्पो उभा असताना चढवायला लागलो. त्यानंतर जॉबवर्कचा (बाहेर प्रक्रियेला पाठवलेल्या मालाचा) हिशेबही सुधारला. प्लेटिंगला गेलेला माल एका वर्षात परत आला पाहिजे असा जीएसटीचा नियम आहे. कुणाकडे किती नग किती दिवस पडून आहेत, हे आता मला रोज सकाळी दिसतं.

बसवून देणाऱ्याबद्दल एक कळकळीने सांगतो. आमच्याकडे आलेल्याने आमच्या हौसेपायी मूळ कोडमध्येच बदल केले आणि वर्षभराने काम सोडलं. पुढची आवृत्ती घ्यायला गेलो तर अपडेट अडकलं. फॉर्मवर जास्तीचे रकाने लागले तर कस्टम फील्डची सोय वापरा, मोठा बदल असेल तर वेगळं अ‍ॅप करायला सांगा. मूळ कोडला हात लावू देऊ नका. सर्व्हरचं खातं तुमच्या कंपनीच्या नावावर घ्या. बॅकअप घेतला जातो एवढ्यावर विसंबू नका, तो दुसऱ्या मशीनवर एकदा चढवून बघा.

सीए टॅलीच मागतील. आम्ही १ एप्रिलला सुरू केलं आणि पहिली तिमाही दोन्हीकडे नोंदी ठेवल्या. ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी) सलग दोन महिने जुळल्यावर ते तयार झाले.

सॉफ्टवेअर टाकायच्या आधी एवढं करा: मुलाला आणि स्टोअरवाल्याला एकत्र बसवून रोज लागणारे पन्नास आयटम निवडा. प्रत्येकाचं एक नाव, एक एकक, एक रॅक ठरवून लिहून काढायला सांगा. त्याला किती दिवस लागले ते इथे कळवा, त्यावरून पुढचं वेळापत्रक मी करून देतो.