ॲपल पायचा तळ कच्चा राहतो, काय चुकतंय? पॉटलकला पाय न्यावा की कॉबलर?

तुम्ही लिहिलंय की दोनदा ॲपल पाय (मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये सफरचंदं भरून भाजलेला गोड पदार्थ) केलात, वरून छान तांबूस झाला, पण कापल्यावर आत पाणी आणि तळाला लिबलिबीत मैदा. आता थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे अमेरिकेतल्या नोव्हेंबरातल्या गुरुवारच्या सणाचं, पॉटलक (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण) तोंडावर आलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: यंदा कॉबलर न्या. हाही ओव्हनमध्ये भाजलेला फळांचा गोड पदार्थच, पण त्यात खाली पारी नसते, भाजल्यावर पीठ वर असतं, त्यामुळे तळ कच्चा राहायची भानगडच नाही. पायचं मात्र सविस्तर सांगते, कारण तुमची चूक मी स्वतः करून बसले आहे.

मी मिशिगनला राहते. अमेरिकेतल्या बहुतेक आंबट चेरी आमच्याच राज्यात पिकतात, जुलैत ट्रॅव्हर्स सिटीला त्यांचा मोठा उत्सव भरतो. त्यामुळे इथे पाय घरोघरी होतो. माझ्या पहिल्या पायची अवस्था तुमच्यासारखीच झाली होती. वैतागून पुण्याला फोन केला, "आई, आज पाय बिघडला." ती घाबरून म्हणाली, "अगं, कुठे पडलीस?"

पुढे शेजारच्या आजींनी मला ओट्याशी उभं करून शिकवलं. माझी चूक करंजीच्या सवयीतून आली होती. करंजीला आपण कडकडीत मोहन घालतो, पीठ चोळतो, मुटका वळला की झालं. तसं केलं की तूप कणाकणाला लागतं आणि पारी खुसखुशीत होते. पायचं गणित नेमकं उलटं. लोणी फ्रीजमधून काढलेलं, टणक, आणि ते पिठात पूर्ण मिसळायचंच नाही. आजी लोण्याचे तुकडे मैद्यात टाकून एकेक तुकडा अंगठा आणि बोटात चिमटून चपटा करायच्या, आणि वालाएवढे, वाटाण्याएवढे झाले की थांबायच्या. मी हात घातला की म्हणायच्या, पुरे, आता हात काढ. लाटल्यावर हे तुकडे पातळ पसरतात, ओव्हनमध्ये लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. साट्याच्या करंजीत जे काम साटा करतो, ते इथे हे तुकडे करतात. लाटलेल्या पारीत लोण्याचे पिवळे ठिपके दिसले तर समजा की जमलंय.

9 इंची पायला खालची-वरची पारी मिळून माझं माप असं: मैदा 315 ग्रॅम, लोणी 225 ग्रॅम (इथल्या दोन कांड्या), चमचाभर साखर, लहान चमचा मीठ आणि बर्फाचं पाणी सहा ते आठ मोठे चमचे. पाणी एकदम ओतू नका. मुठीत दाबल्यावर गोळा धरला पाहिजे, पण कणकेसारखा मऊ व्हायला नको. मळायचं तर अजिबात नाही, मळलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि भाजताना पारी आक्रसते. पाण्याऐवजी थोडी व्होडका घालायची युक्ती 2007 मध्ये 'कुक्स इलस्ट्रेटेड' मासिकाने गाजवली होती, कारण मद्यार्काने पीठ चिवट होत नाही. मी करून पाहिलं, चांगलं होतं, पण थंड पाणी आणि थोडा संयम असेल तर गरज नाही. गोळ्याचे दोन भाग करून चपटे थापा आणि तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

आता तळाबद्दल. तळ कच्चा राहतो तो मुख्यतः खालून उष्णता उशिरा पोचते म्हणून. वरची पारी उघड्यावर असते, ती लवकर भाजते. खालच्या पारीवर मात्र सव्वा किलो गार सफरचंदं बसलेली असतात. तिला भाजायला वेळ लागला की आधी लोणी वितळतं, मग फळाचा रस झिरपतो आणि पिठाची खीर होते. म्हणून ओव्हन तापवतानाच खालच्या खणात एक जाड ट्रे ठेवा, आणि पाय त्या तापलेल्या ट्रेवर ठेवा. पहिली 20 मिनिटं 425 फॅरनहाइट, म्हणजे 220 सेल्सिअस. मग 375 (190) वर आणखी 40 ते 50 मिनिटं. कडा करपायला लागल्या तर फॉइलची पट्टी गुंडाळा, पण पाय बाहेर काढू नका. तुम्ही नक्की इथेच घाई केली असणार. तांबूस रंग दिसला की आपल्याला वाटतं झालं.

झालं ते रंगावरून कळत नाही, आवाजावरून कळतं. वरच्या पारीला ज्या चिरा दिल्या असतील त्यांतून, तेही मधोमध, रस दाट होऊन हळूहळू रटरटला पाहिजे. कॉर्नस्टार्च (आपण ज्याला कॉर्नफ्लोअर म्हणतो तेच) उकळीच्या जवळ गेल्याशिवाय नीट दाटत नाही. कडेला बुडबुडे आणि मध्य शांत, याचा अर्थ मधला रस अजून पाणीच आहे.

भांडं शक्यतो धातूचं घ्या, ते पटकन तापतं. काचेच्या भांड्याचा फायदा म्हणजे उचलून तळाचा रंग बघता येतो. पण फ्रीजमधली गार काच तापल्या ट्रेवर ठेवू नका, तडकते.

सफरचंदांचं पाणी हा दुसरा गुन्हेगार. फोडींना साखर, थोडं मीठ, दालचिनी, लिंबू लावून तासभर ठेवा, तळाशी भरपूर रस सुटेल. तो गाळून पातेल्यात आटवा, पाकासारखा चिकट झाला की गार करून परत फोडींवर घाला आणि दोन-तीन चमचे कॉर्नफ्लोअर लावा. चव तीच राहते, पाणी जातं. मी निम्मी आंबट ग्रॅनी स्मिथ सफरचंदं आणि निम्मी गोड, करकरीत हनीक्रिस्प घेते. नुसती गोड, मऊ सफरचंदं घेतलीत तर आत मुरंबा होतो. जायफळ किसून घाला, श्रीखंडाला घालता तेवढंच.

आणि सगळ्यात अवघड पायरी: पाय चार तास गार होऊ द्या. गरम पाय कापला तर उत्तम भाजलेल्या पायमधूनही रस वाहतो, कारण तो गार होतानाच धरतो. आजी गुरुवारच्या जेवणासाठी बुधवारी संध्याकाळीच पाय भाजून ठेवायच्या. तुम्ही दोन्ही वेळा किती वेळ थांबलात, ते प्रश्नात लिहिलेलं नाही!

आता कॉबलर. याचे दोन मुख्य प्रकार. एकात फळांवर बिस्किटाच्या पिठाचे गोळे ठेवतात. इथलं बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं नव्हे, मऊ, नानकटाई आणि पावाच्या मधलं काहीतरी. वर असे गोळे बसले की डिश दगडी फरसबंदीसारखी दिसते. या प्रकारात फळं आधी ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं गरम करून मग गोळे ठेवा, नाहीतर गोळ्यांचं पोट कच्चं राहतं.

दुसरा दक्षिणेकडचा, जॉर्जिया-कॅरोलायनातला, आणि पहिल्यांदा करणाऱ्याने हाच करावा. 9 बाय 13 इंची डिशमध्ये लोण्याची एक कांडी (113 ग्रॅम) टाकून ओव्हनमध्ये वितळू द्या. एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ एकत्र करून ते त्या लोण्यावर ओता. वरून चार कप पीचच्या फोडी पसरा. आणि ढवळू नका. हात शिवशिवतील, लोणी कडेने वर येऊन तरंगेल, सगळं चुकलंय असं वाटेल. तरी ढवळू नका. 350 फॅरनहाइटला (175 सेल्सिअस) ते सरसरीत पीठ फुगून फळांभोवतून वर येतं, कडा लोण्यात तळल्यासारख्या कुरकुरीत होतात. साधारण 50 मिनिटं ते तास लागतो. नोव्हेंबरात ताजे पीच मिळायचे नाहीत, मिळाले तरी लाकडासारखे. गोठवलेले घ्या, पूर्ण वितळवून पाणी निथळा.

दोन्हीत अंडं नाही, त्यामुळे अंडं न खाणाऱ्यांनाही चालेल. पायवर चकाकीसाठी लोक अंडं फासतात, त्याऐवजी दूध लावा. दुकानातली तयार पारी घेणार असाल तर मागचा मजकूर वाचा, काहींत डुकराची चरबी असते.

आणि तुमच्या शेवटच्या ओळीतली ती शंका, आंब्याचा पाय. कच्ची कैरी चालेल, सफरचंदासारखीच लागते. हापूस भाजायला घालू नका, निदान मला सांगू तरी नका.

कॉबलर निघायच्या तासभर आधी भाजून डिशसकट न्या. व्हॅनिला आइस्क्रीमचा डबा वेगळा. आणि डिशच्या बुडाला चिकटपट्टी लावून तुमचं नाव लिहा. पॉटलकला गेलेल्या माझ्या दोन डिशेस अजून परत आलेल्या नाहीत.