नवीन आणलेले शॅमेलिऑन खात नाहीत, एक तर दिवसा डोळे मिटून बसतो. त्यांना कसं रुळवावं?

तुम्ही लिहिलंय की शिकागोत ओळखीच्या एकांकडून चार दिवसांपूर्वी दोन व्हेल्ड जातीचे शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारे सरडे, आणले, दोघं एकाच पिंजऱ्यात आहेत, खात नाहीत, आणि त्यातला छोटा दिवसा डोळे मिटून बसतो. बाकी सगळं नंतर. आधी त्यांना आजच्या आज वेगळं करा, आणि छोट्याला सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्या. बरा असलेला शॅमेलिऑन उजेडात झोपत नाही. डोळे मिटलेले राहणं हे बहुतेक वेळा पाणी कमी पडल्याचं, जंतांचं, जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं किंवा चुकीच्या दिव्याचं लक्षण असतं, आणि यातलं नेमकं काय हे घरी बसून कळत नाही. जाताना ताजी विष्ठा ओल्या टिश्यूसोबत छोट्या पिशवीत घ्या, पिंजऱ्याचे आणि दिव्याच्या खोक्याचे फोटो घ्या. निम्मं निदान त्या फोटोंतून होतं.

शॅमेलिऑन एकटा राहणारा प्राणी आहे. दोघं भांडत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं की जमतंय, पण दबलेला प्राणी नुसता समोरच्याला बघूनच खाणं सोडतो. पिंजरे वेगळे केलेत तरी मध्ये पुठ्ठा किंवा चादर लावा, एकमेकांना दिसता कामा नयेत. रंगावरून बरंच कळतं. आजूबाजूशी मिसळायला तो रंग बदलतो ही आपली लहानपणापासूनची समजूत, पण ते तसं नाही. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी पँथर या दुसऱ्या जातीच्या शॅमेलिऑनवर काम करून दाखवलं की त्वचेतल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की रंग बदलतो, आणि हे घडतं ते नर दुसऱ्या नरासमोर किंवा मादीसमोर चेतवला गेला की. तुमचा छोटा काळपट तपकिरी दिसत असेल तर तो बहुधा थंडीने आखडलाय किंवा घाबरलाय.

पिंजरा जाळीचा हवा, उभा हवा, आणि टेबलावर किंवा कपाटावर ठेवायचा, म्हणजे त्याची बसायची फांदी आपल्या डोळ्यांच्या वर येते. वरून येणारं ते सगळं त्याच्यासाठी शिकारी. मागची आणि दोन्ही बाजू कापडाने झाका. आत मनीप्लांट, जास्वंद, फायकस अशी खरी झाडं इतकी दाट लावा की मनात आलं तर त्याला पूर्ण दडता यावं. व्हेल्ड पानंही खातो, म्हणून औषध न मारलेली झाडंच घ्या. दिवाणखान्यात ठेवू नका. मी ठेवला होता, आल्यागेल्याला दाखवायला, आणि तीन आठवडे तो एकाच फांदीवर चिकटून होता.

आता दिवा, कारण सगळ्यात जास्त शॅमेलिऑन इथेच हातचे जातात. ऊब देणारा बल्ब वेगळा आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा वेगळा. यूव्हीबीसाठी लांब टी-5 ट्यूब घ्या, पीळदार छोटा बल्ब नको. यूव्हीबी नसेल तर शरीर ड-3 जीवनसत्त्व बनवत नाही, ड-3 नसेल तर कॅल्शियम हाडात बसत नाही. मग पाय धनुष्यासारखे वाकतात, जबडा मऊ पडतो. ट्यूब प्रकाश देत राहते पण यूव्हीबी हळूहळू संपतो, म्हणून बदलायची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. लहान पिल्लाला ऊब घ्यायच्या फांदीवर 29 अंश सेल्सियसच्या आसपास पुरतात. रात्री सगळे दिवे बंद, लाल-निळेसुद्धा. रात्रीचा गारवा त्याला हवाच असतो. तो मूळचा येमेन आणि सौदीच्या नैऋत्य डोंगरांतला आहे.

वाटीत पाणी ठेवलंत तर तो तहानलेला राहील. पानावर हलणारा थेंबच त्याला पाणी वाटतो. सकाळी दिवे लागण्याआधी बारीक फवारा मारा आणि दिवसा एका पेल्याला सुईने भोक पाडून वर ठेवा, म्हणजे थेंब पानांवर पडत राहतील. सिरिंजने तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. हिवाळ्यात आपल्याकडे अमेरिकेत हीटरने हवा कोरडी होते, म्हणून लोक दिवसभर फवारतात. पण ऊब आणि ओल एकत्र साचली की श्वसनाचे विकार होतात. ओल रात्री, गारव्यात. दिवसा पिंजरा सुकू द्या. पाणी पुरतंय का हे विष्ठेतल्या पांढऱ्या भागावरून बघा: पांढरा असेल तर ठीक, नारिंगी असेल तर कमी पडतंय.

खाण्याची चिंता तुम्हाला सगळ्यात जास्त आहे, पण नव्या जागी मोठ्या शॅमेलिऑनने आठवडाभर न खाणं मी अनेकदा पाहिलंय. रातकिडे त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठे नकोत. त्यांना आदल्या दिवशी पालेभाजी, गाजर खाऊ घाला, ड-3 नसलेल्या कॅल्शियमची हलकी पूड लावा, खोलगट कपात ठेवा आणि तिथून निघून जा. उरलेले रात्री काढून टाका, झोपलेल्या शॅमेलिऑनला ते कुरतडतात. पहिले दोन आठवडे व्हेटचं काम सोडून हात लावू नका. घरात मूल असेल तर त्याला छोट्या वजनकाट्यावर आठवड्यातून एकदा फांदीसकट वजन करून लिहायला सांगा, आणि नंतर साबणाने हात धुवायला लावा, या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

आणखी एक, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागच्या पायांच्या टाचेवर बारीक कोंब दिसतो का बघा. नराला तो जन्मापासून असतो, मादीला नसतो. माझी पहिली व्हेल्ड मादी होती. नराशिवायही ती अंडी घालते हे मला ठाऊक नव्हतं. ती तळाशी फिरत राहिली, जाळी ओरबाडत राहिली, आणि मी समजलो की ती कंटाळली आहे. माती न मिळाल्याने अंडी पोटातच अडकली आणि ती गेली. अजून आठवलं की हात थांबतो. तुमच्यातली कोणी मादी निघाली तर एक फूट खोल ओल्या वाळूची बादली आत ठेवा, वाळू आकार धरून बोगदा टिकेल इतकी ओली हवी, आणि मादी खणत असताना तिला कोणी दिसू नये.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: कोकणात ज्याला आपण घोयरा म्हणतो तो आपला शॅमेलिऑन वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, त्याला पकडणं-पाळणं गुन्हा आहे. तो विषारीही नाही. रस्ता ओलांडताना दिसला तर गाडी थांबवून त्याला जाऊ द्या.

व्हेटने काय सांगितलं ते इथे लिहा, आणि दिव्याचा फोटो टाका.